'पारंपरिक' या शब्दाचा इतिहास : इंग्रजी लोकगीत, संग्राहक आणि रॉकची ध्वनिमुद्रिका

१

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्रज रॉक वाद्यवृंदाची 'लीज अँड लीफ' ही ध्वनिमुद्रिका डिसेंबर १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील आठ रचनांपैकी पाच परंपरेतून घेतलेल्या आणि तीन नव्याने केलेल्या होत्या. जुनी कथागीते इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम आणि ध्वनिवर्धित फिडल यांच्या साथीने गाण्याची जी पद्धत पुढे 'इंग्रजी फोक-रॉक' म्हणून ओळखली गेली, तिची ही पायाभूत कृती मानली जाते. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या लोकसंगीत-पुरस्कारांत तिला आजवरची सर्वांत प्रभावशाली लोकसंगीत-ध्वनिमुद्रिका ठरवण्यात आले.

या प्रकाराविषयीची चर्चा प्रारंभापासून दोन भूमिकांमध्ये विभागलेली दिसते. विद्युत् वाद्यांच्या गजरात आणि बाजाराच्या गरजांत सापडून लोकगीत भ्रष्ट झाले, अशी एक भूमिका आहे. ग्रंथालयात आणि मूठभर रसिकांच्या मंडळांत कोंडलेल्या गीताला या तरुणांनी पुन्हा रक्तमांस दिले, अशी दुसरी. या दोन भूमिका परस्परविरोधी वाटत असल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. विजेचे वाद्य येण्यापूर्वी कोठेतरी एक अखंड, निर्भेळ, कोणाचेच नसलेले आणि म्हणून सर्वांचे असलेले गीत नांदत होते, असे दोघेही धरून चालतात. एकाच्या मते रॉकने ते बिघडवले, दुसऱ्याच्या मते वाचवले.

हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी वाद्यांच्या प्रश्नाइतकेच एका छोट्या, सहसा न वाचल्या जाणाऱ्या मजकुराकडे लक्ष द्यावे लागेल. अशा ध्वनिमुद्रिकांच्या लेबलावर गीताच्या नावाखाली 'पारंपरिक; संयोजन अमुक' अशा अर्थाची एक ओळ असते. आपल्या संतकाव्यात रचनेच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. इंग्रजी कथागीतात ती सोय नाही. तेथे कर्तृत्वाची मुद्रा गीताच्या बाहेर उमटते, आणि ती कोणी उमटवायची हे प्रत्येक काळातील माध्यम ठरवते. 'पारंपरिक' हा शब्द गीताचा गुणधर्म सांगतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो एका दीर्घ व्यवहाराचा शेवटचा टप्पा आहे.

२

या व्यवहाराचा प्रारंभ अठराव्या शतकात शोधावा लागतो. टॉमस पर्सी या धर्मोपदेशकाला श्रॉपशरमधील शिफ्नल येथे एका परिचिताच्या घरी जुन्या गीतांचे एक हस्तलिखित मिळाले. घरातील मोलकरणी त्याची पाने चूल पेटवण्यासाठी वापरीत होत्या. त्याच्या आधारे पर्सीने १७६५ मध्ये 'रेलिक्स ऑफ एन्शंट इंग्लिश पोएट्री' हा संग्रह प्रसिद्ध केला. युरोपातील स्वच्छंदतावादी काव्याला या ग्रंथाने जे वळण दिले ते सर्वपरिचित आहे. परंतु पर्सीने गीते जशी मिळाली तशी छापली नाहीत. एकोणचाळीस ओळींच्या एका त्रुटित गीताचे त्याच्या हातून सुमारे दोनशे ओळींचे काव्य झाले. समकालीन अभ्यासक जोसेफ रिट्सन याने त्याच्यावर कठोर टीका केली, आणि मूळ हस्तलिखित जगासमोर यायला १८६७ साल उजाडावे लागले.

वॉल्टर स्कॉटचा 'मिन्स्ट्रल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर' हा संग्रह १८०२-०३ मधला. त्याच्यासंबंधीची एक आठवण जेम्स हॉग या कवीने नोंदवून ठेवली आहे. हॉगची आई मार्गारेट लेडलॉ हिने स्कॉटला काही गीते म्हणून दाखवली होती. छापील पुस्तक समोर आल्यावर तिने स्कॉटला स्पष्टच सुनावले, की ही गाणी गाण्यासाठी केलेली होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही त्यांची मोहिनी मोडलीत आणि आता ती कोणी गाणार नाही. शिवाय ती नीट उतरवलेली नाहीत, हेही सांगायला ती विसरली नाही.

लोकसाहित्याच्या इतिहासात हा आक्षेप वारंवार उद्धृत होतो, आणि बहुधा मौखिकतेच्या शोकांतिकेचे प्रतीक म्हणून. पण त्यात एकमेकांपासून वेगळ्या अशा दोन तक्रारी आहेत. पहिली माध्यमाविषयी आहे : छापल्याने गीत मरते. दुसरी अधिकाराविषयी आहे : माझे गीत तुम्ही चुकीचे छापलेत. पहिली तक्रार पुढच्या काळाने खोटी ठरवली. स्कॉटच्या छापील पाठांवरूनही लोक गात राहिले. दुसरी तक्रार मात्र आजतागायत शिल्लक आहे. आपले म्हणणे बरोबर आहे असे ठामपणे सांगू शकणारी ती स्त्री निनावी परंपरेचे मुख नव्हती. ती एका विशिष्ट पाठाची धारक होती, आणि तिला ते पक्के ठाऊक होते.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या महासंग्रहात ३०५ कथागीते क्रमांक देऊन संकलित केली. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्यांची पद्धत येथे महत्त्वाची आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत असंख्य हस्तलिखितांमधून एका प्राचीनतम संहितेकडे जाण्याचा प्रयत्न आहे. चाइल्डने तसे केले नाही. एकेका गीताचे उपलब्ध पाठ त्यांनी अ, ब, क अशा क्रमाने शेजारी शेजारी ठेवले. कथागीताला मूळ संहिता नसते, पाठांचा समूह हेच त्याचे अस्तित्व, ही जाण या मांडणीत गर्भित होती. परंतु चाइल्ड यांचा भर हस्तलिखितांवर आणि जुन्या छापील साधनांवर होता. चालींना त्यांच्या ग्रंथात परिशिष्टापुरतीच जागा मिळाली. या कथागीतांच्या चालींचा सांगोपांग संग्रह बर्ट्रंड ब्रॉन्सन यांनी चार खंडांत केला, तो १९५९ ते १९७२ या काळात. म्हणजे 'लीज अँड लीफ' निघाली तेव्हा तो पूर्णही झालेला नव्हता.

३

१९०३ मध्ये सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज येथे सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने पाद्र्याच्या बागेत एका माळ्याला गाताना ऐकले आणि ते गीत टिपून घेतले. माळ्याचे नाव जॉन इंग्लंड. या योगायोगाने इंग्रजी लोकगीत-चळवळीला एक जन्मकथाच मिळवून दिली. शार्प यांनी त्यानंतर सुमारे दोन दशके हजारो गीते टिपली. १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलिस यांच्यासह अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन पर्वतप्रदेशात जाऊन तेथे स्थायिक झालेल्यांच्या वंशजांकडून इंग्रजी गीतांचे पाठ मिळवले.

१९०७ मधील आपल्या सैद्धांतिक ग्रंथात शार्प यांनी लोकगीताची तीन तत्त्वे सांगितली : सातत्य, परिवर्तन आणि निवड. गीत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, गाणाऱ्यागणिक बदलते, आणि कोणते बदल राहावेत हे समाज ठरवतो. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येचा आधार हीच तत्त्वे होती. समाजाने तयार स्वरूपात उचललेले आणि न बदलता ठेवलेले गीत लोकगीत नव्हे, पुनर्घडण हेच लोकगीताचे लक्षण, असे त्या व्याख्येत म्हटले आहे. हा मुद्दा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

सिद्धांत आणि व्यवहार यांमधील अंतर मात्र लक्षात घ्यावे लागते. शार्प यांच्या वह्यांमध्ये गायकाचे नाव, गाव आणि तारीख बहुधा काटेकोरपणे नोंदलेली असे. गायक अज्ञात नव्हते. परंतु ही गीते पियानोच्या साथीसह छापली गेली, शाळांच्या गीतपुस्तकांत शिरली, आणि त्या प्रवासात गायकाचे नाव टिपांमध्ये गेले, मग टिपाही गळून पडल्या. उरले ते 'इंग्रजी लोक'. शृंगाराचा उघड उल्लेख असलेल्या ओळी सौम्य करण्यात आल्या. शार्प यांच्या वह्यांमधील मूळ शब्द जेम्स रीव्हज यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा कोठे हे परिवर्तन सर्वांच्या ध्यानात आले. त्याचप्रमाणे, मौखिक मानल्या गेलेल्या या गीतांपैकी मोठा भाग एकोणिसाव्या शतकात एका कागदावर छापून रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गीतपत्रकांतूनही फिरत होता. लंडनच्या सेव्हन डायल्स भागातील जेम्स कॅटनाकसारखे मुद्रक अशी पत्रके मोठ्या प्रमाणावर काढीत. गायक ती विकत घेत, पाठ करत, बदलत. छापील शब्द आणि कंठ यांचा संबंध वैराचा नव्हता; त्यांच्यात सतत देवघेव चालू होती. बाजारही बाहेरून आलेला नव्हता, तो आधीपासूनच गीताच्या घडणीत सामील होता.

डेव्ह हार्कर यांच्या १९८५ मधील आणि जॉर्जिना बॉइज यांच्या १९९३ मधील ग्रंथांनी या चळवळीची कठोर चिकित्सा केली. 'लोक' ही संकल्पनाच मध्यमवर्गीय संग्राहकांनी आपल्या गरजेनुसार घडवली, असा त्यांचा एकंदर रोख आहे. त्यांच्या काही पुराव्यांवर पुढे आक्षेप घेतले गेले आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. तरी संग्राहक हा पारदर्शक माध्यम नसतो, तो पाठ घडवण्यात सहभागी असतो, हा त्यातील गाभा नाकारता येत नाही.

याच काळातील एक उदाहरण या प्रवाहाच्या उलट जाणारे आहे. पर्सी ग्रेंजर हा संगीतकार १९०६ पासून लिंकनशरमध्ये फोनोग्राफ घेऊन हिंडला. यंत्राने त्याला दाखवून दिले की गायक एकाच गीताची कडवी एकाच तऱ्हेने म्हणत नाही; लय, अलंकरण, स्वरस्थाने कडव्यागणिक हलतात. या गायकांपैकी जोसेफ टेलर या वृद्ध गृहस्थाची काही गीते ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये विक्रीसाठी काढली, आणि ती त्याच्या नावानिशी काढली. म्हणजे ध्वनिमुद्रिका हे माध्यम गायकाला निनावी करण्यासाठी बांधील नव्हते. उलट, छपाईला जे साधले नाही ते तिने प्रारंभीच साधून दाखवले होते.

४

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुनरुज्जीवनाचे दोन प्रमुख प्रवर्तक, ए. एल. लॉइड आणि युअन मॅकॉल, हे डाव्या राजकारणातून आले. शार्प यांच्या खेड्यातील शेतकऱ्याच्या जोडीला त्यांनी खाणकामगार, विणकर आणि खलाशी आणून बसवले. राल्फ व्हॉन विल्यम्स आणि लॉइड यांनी संपादित केलेला 'पेंग्विन बुक ऑफ इंग्लिश फोक सॉंग्ज' हा संग्रह १९५९ मध्ये स्वस्त किमतीत निघाला आणि लोकगीत-मंडळांतील तरुण गायकांचा तो आधारग्रंथ झाला.

लॉइड यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना 'रेनार्डीन' या गीताचे उदाहरण उद्‌बोधक ठरते. गीतपत्रकांतील जुन्या पाठात रेनार्डीन हा डोंगरात भेटणारा, मुलीला भुलवणारा एक परागंदा पुरुष आहे. लॉइड यांनी गायलेल्या आणि प्रसारित केलेल्या पाठात त्याच्यावर कोल्ह्याची छाया पडते. तो माणूस की मनुष्यरूपातील प्राणी, असा संदेह निर्माण होतो. स्टीफन विनिक या अभ्यासकाने २००४ मध्ये या पाठांचा मागोवा घेऊन दाखवले की हे गूढ वातावरण मुख्यतः लॉइड यांचीच निर्मिती होती. ते त्यांनी आपल्या नावावर न मांडता परंपरेच्या नावावर मांडले. पर्सीने केले तेच लॉइडने केले, फक्त अभिरुची बदलली होती. अठराव्या शतकाला सुसंस्कृत जुनेपणा हवा होता, विसाव्याला आदिम जुनेपणा.

'लीज अँड लीफ'वर सँडी डेनी यांनी गायलेले 'रेनार्डीन' याच परंपरेतले आहे. त्या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत पुरातन भासणारे वातावरण ज्या गीतात आहे, ते गीत तिच्यातील सर्वांत अर्वाचीन पाठांपैकी एक असावे, यातील उपरोध वाद्यांविषयीच्या वादात हरवून जातो. विजेच्या गिटारमुळे गीताची शुद्धता गेली असे म्हणणाऱ्यांनी जी शुद्धता गृहीत धरली होती, ती एका विद्वान संपादकाच्या टेबलावर तयार झालेली होती.

५

१९६७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला हा वाद्यवृंद प्रारंभी अमेरिकन गीतकारांच्या रचना गात असे. १९६८ मध्ये सँडी डेनी लोकगीत-मंडळांतील आपला गीतसाठा घेऊन त्यात आल्या. १९६९ च्या उन्हाळ्यातील 'अनहाफब्रिकिंग' या ध्वनिमुद्रिकेत 'अ सेलर्स लाइफ' हे जुने गीत अकरा मिनिटांहून अधिक लांबीचे, वाद्यांच्या मुक्त विस्तारासह आले. फिडलवर पाहुणे म्हणून डेव्ह स्वॉरब्रिक होते. ती ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच, १२ मे १९६९ रोजी, वाद्यवृंदाच्या गाडीला अपघात झाला. ड्रमवादक मार्टिन लॅम्बल आणि गिटारवादक रिचर्ड टॉम्पसन यांची मैत्रीण जीनी फ्रँकलिन यांचा त्यात मृत्यू झाला. उरलेल्यांनी हँपशरमधील फार्ली चेंबरलेन या गावी एक घर भाड्याने घेतले. स्वॉरब्रिक आणि नवे ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स आता वाद्यवृंदाचे सदस्य झाले होते. बासवादक अ‍ॅशली हचिंग्ज हे लंडनच्या 'सेसिल शार्प हाउस' या ग्रंथालयात जाऊन जुने संग्रह धुंडाळत होते. अमेरिकेतील 'द बँड' या वाद्यवृंदाची १९६८ मधील पहिली ध्वनिमुद्रिका त्यांच्यासमोर होती. त्या अमेरिकन भूमीतून उगवलेल्या संगीताचे अनुकरण करण्यापेक्षा आपल्या भूमीत काय आहे ते पाहावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाच्या आतील भागात चाइल्ड आणि शार्प यांच्याविषयी तसेच जुन्या लोकाचारांविषयी चित्रे व मजकूर होता. म्हणजे संग्राहक येथे अदृश्य ठेवलेले नव्हते. ग्रंथालयातून आलो आहोत हे या तरुणांनी लपवले नाही, आणि त्या बाबतीत ते आपल्या अनेक पूर्वसूरींपेक्षा अधिक प्रांजळ होते.

आता प्रत्यक्ष संहितांकडे वळू. 'मॅटी ग्रोव्हज' हे चाइल्ड-संग्रहातील ८१ व्या क्रमांकाचे कथागीत. सतराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या 'द नाइट ऑफ द बर्निंग पेसल' या नाटकात त्याचा अंश गायला जातो, यावरून त्याची प्राचीनता कळते. सरदाराची पत्नी एका तरुणाला घरी बोलावते. नोकर धावत जाऊन सरदाराला खबर देतो. सरदार तरुणाला तलवार देऊन द्वंद्वात ठार करतो आणि मृत प्रियकरालाच आपली पसंती असल्याचे सांगणाऱ्या पत्नीलाही मारतो. दोघांना एकाच खड्ड्यात पुरायला सांगताना, ती उच्च कुळातली म्हणून तिला वर ठेवा, असे तो बजावतो. फेअरपोर्टने हे गीत ज्या चालीवर गायले ती 'शेडी ग्रोव्ह' या अमेरिकन गीताशी निगडित आहे. इंग्लंडमधून अ‍ॅपलेशियन डोंगरांत गेलेले कथागीत तेथील सुरांचा पेहराव करून, पुढे विजेच्या वाद्यांवर आरूढ होऊन, परत आले. 'इंग्रजी मुळांकडे परत जाणे' या घोषणेला गीताच्या इतिहासानेच दिलेले हे उत्तर आहे.

कथागीताच्या शैलीविषयी फ्रान्सिस गमरे यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते : ते घटनांवरून उड्या मारीत जाते आणि निवडक प्रसंगी रेंगाळते. निवेदक भाष्य करीत नाही, पात्रांच्या मनात शिरत नाही. एकट्याने, साथीविना गाणारा परंपरागत गायक हीच तटस्थता आपल्या स्वरातही पाळतो. खुनाचे कडवे आणि सकाळी उठण्याचे कडवे तो एकाच आवाजात म्हणतो. रॉकचे वाद्यवादन स्वभावतः असे तटस्थ राहू शकत नाही. त्यामुळे येथे शैलींचा खरा झगडा उद्भवतो. 'मॅटी ग्रोव्हज'मध्ये तो ज्या रीतीने सुटतो ती पाहण्यासारखी आहे. सँडी डेनी यांचा आवाज निवेदकाची अलिप्तता बहुतांशी टिकवून ठेवतो. आणि कथा संपल्यावर, सरदाराची आज्ञा उच्चारली गेल्यावर, वाद्ये दीर्घकाळ एकटीच धावत राहतात. आठ मिनिटांच्या या रचनेचा मोठा भाग शब्दांच्या पलीकडे आहे. कथागीताने जे सांगायचे नाकारले ते येथे शब्दांत न भरता, शब्द संपल्यानंतरच्या अवकाशात ठेवले आहे. ही जुन्या रूपाची मोडतोड नाही. त्या रूपाचे बलस्थान ओळखून केलेली ही पुनर्घडण आहे, आणि १९५४ च्या व्याख्येने पुनर्घडणीलाच लोकगीताचे लक्षण मानले होते.

'फेअरवेल, फेअरवेल' हे गीत रिचर्ड टॉम्पसन यांचे. चाल 'विली ओ'विन्सबरी' या कथागीताची. या चालीची कुळकथा मोठी गमतीची आहे. 'स्वीनीज मेन' या आयरिश वाद्यवृंदाचे अँडी अर्वाइन यांनी चाइल्ड-संग्रहातून त्या कथागीताचे शब्द घेतले आणि चाल शोधताना क्रमांकाची गल्लत होऊन 'फॉस फूडरेज' या दुसऱ्याच कथागीताची चाल उचलली. १९६८ मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली, आणि आज अनेकांच्या कानी ती विलीचीच चाल आहे. ग्रंथालयातील एक चूक एका वर्षात परंपरा झाली. सातत्य, परिवर्तन, निवड ही शार्प यांची तिन्ही तत्त्वे येथे लागू पडतात; बदलली ती केवळ त्यांची गती.

६

वाद्यांच्या बाबतीत रॉकवर ठेवलेला आरोप टिकत नाही, हे यावरून दिसेल. परंतु म्हणून हा व्यवहार निर्दोष ठरत नाही. दोष आहे तो लेबलावरील ओळीत.

कायद्याच्या दृष्टीने पारंपरिक गीतावर कोणाचाच स्वामित्वहक्क नसतो. त्याच्या नव्या संयोजनावर मात्र असतो. त्यामुळे 'पारंपरिक' हा शब्द उच्चारताच गीत मोकळे होते आणि 'संयोजन' हा शब्द जोडताच त्याचे स्वामित्वधन ठरावीक व्यक्तीच्या नावे जमा होऊ लागते. न्यूकासलच्या 'द अ‍ॅनिमल्स' या वाद्यवृंदाने १९६४ मध्ये 'हाउस ऑफ द रायझिंग सन' गाजवले. संयोजनकार म्हणून केवळ ऑर्गनवादक अ‍ॅलन प्राइस यांचे नाव छापले गेले, आणि सहकाऱ्यांचा त्यावरील रोष पुढे जगजाहीर झाला. परंतु हा वाद पाच वादकांपुरताच राहिला. अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९३७ मध्ये केंटकीतील मिडल्सबरो येथे जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीकडून या गीताचा जो पाठ ध्वनिमुद्रित केला होता, तिचे स्थान त्या वादात कोठेच नव्हते.

'स्कारबरो फेअर'चा प्रवास याहून सविस्तर सांगता येतो. चाइल्ड-संग्रहातील दुसऱ्या कथागीताचा हा वंशज. मॅकॉल यांना त्याचा एक पाठ टीसडेलमधील मार्क अँडरसन या निवृत्त शिसे-खाणकामगाराकडून मिळाला, आणि तो त्यांनी पेगी सीगर यांच्यासह काढलेल्या पुस्तकात छापला. तेथून तो मार्टिन कार्थी यांनी घेतला. गिटारची जी गुंफण आज सर्वत्र ऐकू येते ती त्यांची. कार्थींकडून बॉब डिलन यांनी ते ऐकले आणि त्याच्या प्रभावातून १९६३ मधील 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' ही स्वतःची रचना केली. १९६५ च्या सुमारास पॉल सायमन यांनीही ते कार्थींकडूनच घेतले, आणि १९६६ मध्ये सायमन आणि गारफंकेल यांच्या ध्वनिमुद्रिकेवर ते त्या दोघांच्याच नावाने जगभर गेले. कार्थी यांची नाराजी बरीच वर्षे टिकली. २००० मध्ये लंडनच्या रंगमंचावर सायमन आणि कार्थी यांनी ते गीत एकत्र गायले आणि ती मिटली.

या कथेचा शेवट समेटाचा म्हणून सांगितला जातो. आपण तो थोडा पुढे नेऊ. कार्थी यांना त्यांचे श्रेय मिळाले, ते उचितच झाले. पण साखळीतील त्यांच्या अलीकडचा दुवा, म्हणजे खाणकामगार अँडरसन, त्या समेटात पक्षकार नव्हता. प्रत्येक टप्प्यावर वरच्या दुव्याने खालच्या दुव्याचे नाव गाळावे आणि स्वतःचे गाळले गेल्यावर दुखावले जावे, असा हा क्रम आहे. मार्गारेट लेडलॉच्या दुसऱ्या तक्रारीचा हा दीडशे वर्षांनंतरचा पडसाद आहे. निनावीपण गीताच्या जन्माबरोबर येत नाही. ते त्याच्यावर क्रमाक्रमाने लादले जाते. शार्प यांच्या वहीत नाव होते, पुस्तकाच्या टिपेत होते, लेबलावर नव्हते.

७

'लीज अँड लीफ'नंतर हचिंग्ज बाहेर पडले आणि त्यांनी 'स्टीलाय स्पॅन'ची स्थापना केली. त्या वाद्यवृंदाचे 'ऑल अराउंड माय हॅट' हे गीत १९७५ मध्ये ब्रिटिश विक्री-क्रमवारीत पाचव्या स्थानावर पोचले. तेही मूळच्या दोन गीतांचे मिश्रण होते. याच दशकात नॉरफोकमधील वॉल्टर पार्डन या सुताराच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. कुटुंबातून आलेली गीते तो साथीविना, शांत स्वरात म्हणत असे. रॉकची लाट आणि हा एकटा आवाज यांना परस्परांचे शत्रू मानण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये टॉपिक या संस्थेने अशा परंपरागत गायकांचा वीस तबकड्यांचा संच त्यांच्या नावांनिशी काढला. त्याला श्रोता मिळाला, त्यातील काही तरी जुन्या फोक-रॉकच्या वाटेने आलेला असणार.

ध्वनिमुद्रण पाठ गोठवते, ही भीती अंशतः खरी आहे. आज अनेक तरुण गायक 'मॅटी ग्रोव्हज' फेअरपोर्टच्याच चालीवर गातात. इतर चाली मागे पडल्या. पण गोठवलेला पाठ पुन्हा वितळूही शकतो. २००७ मध्ये सायमन एमर्सन यांच्या पुढाकाराने 'द इमॅजिन्ड व्हिलेज' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे नाव जॉर्जिना बॉइज यांच्या ग्रंथावरून घेतले होते. चिकित्सेने उभा केलेला आक्षेपच येथे कलाकृतीचे शीर्षक झाला. मार्टिन आणि एलायझा कार्थी यांच्यासोबत तिच्यात शीला चंद्रा यांचा आवाज आणि जॉनी काल्सी यांचा ढोल होता. 'टॅम लिन' या चाइल्ड-संग्रहातील ३९ व्या कथागीताचे नवे रूप बेंजामिन झेफनाया यांनी तिच्यात सांगितले. मूळ कथेत परीराणीच्या कैदेतील टॅम लिनची सुटका करण्यासाठी जॅनेटला तो एकामागून एक भयंकर रूपे घेत असताना घट्ट धरून ठेवावे लागते. झेफनाया यांच्या पाठात तो ब्रिटनमध्ये आश्रय मागणारा स्थलांतरित आहे. १९६९ मध्ये फेअरपोर्टने हेच गीत परीकथेच्या गूढ रंगात गायले होते. येथे त्याला नागरिकत्वाचा प्रश्न भिडला. आणि येथे झेफनाया यांनी स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावाने बदल केले. परंपरेच्या नावामागे दडून केलेली भर आणि उघडपणे केलेली पुनर्घडण यांत नैतिक अंतर आहे, आणि लॉइडच्या 'रेनार्डीन'शेजारी हा पाठ ठेवला की ते दिसते.

समीक्षेने यावरून काय घ्यावे? अशा ध्वनिमुद्रिकेकडे मूळ गीताची प्रत किंवा विकृती म्हणून न पाहता चाइल्डच्या पद्धतीने आणखी एक पाठ म्हणून पाहावे, आणि इतर पाठांप्रमाणेच तिचीही संहिता, चाल, वाद्ययोजना व वगळलेला भाग तपासावा, हे एक. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिकाचे नाव, स्थळ आणि काळ सांगणारी पुष्पिका असते, आणि पाठचिकित्सक ती मूळ ग्रंथाइतक्याच काळजीने वाचतो. ध्वनिमुद्रिकेच्या लेबलावरील ओळ ही तिची पुष्पिका समजून वाचावी, हे दुसरे. 'पारंपरिक' हा शब्द तेथे दिसला की परंपरा सुरू होते असे न मानता, कोणाचे तरी नाव येथपर्यंत येऊन थांबले आहे असे समजावे. त्या नावांपैकी अनेक नावे शोधता येण्याजोगी आहेत. शार्प आणि त्यांच्या समकालीन संग्राहकांच्या वह्या २०१३ पासून संगणकीय महाजालावर सर्वांना खुल्या आहेत, आणि गीताच्या शेजारी गाणाऱ्याचे नाव तेथे अजून वाचता येते.